‘गंभीर गाय’ : बेळगाव जिल्ह्याच्या न्यायकारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातील न्याय, विधी सेवा, पोलीस, अभियोग आणि महिला-बालकल्याण खात्यांचे सर्व वरिष्ठ अधिकारी

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात टपालाने एक कागद आला. कन्नडात टाइप केलेला, खाली निळा शिक्का. मला कन्नड बोलता येते. माझ्या शिलाईच्या दुकानात निम्मे गिऱ्हाईक कन्नड बोलणारे, ब्लाउजची मापे मी कन्नडातच घेते. पण शाळेत कन्नड शिकले ते पस्तीस मार्कांपुरते, आणि सरकारी कन्नड त्या पस्तीस मार्कांत बसत नाही. म्हणून शेजारच्या आठवीतल्या मुलीला हाक मारली. ती पिकोच्या मशीनला टेकून एकेक शब्द लावत वाचू लागली. दुसऱ्या ओळीत म्हणाली, “गंभीर गाय.”

“कुणाची गाय गं?” मी विचारले.

ती हसली. मग कागद कुणाबद्दल आहे ते तिच्या लक्षात आले आणि तिचा चेहरा उतरला. कन्नडात गाय म्हणजे जखम. “मामाच्या हाताचं लिवलंय, काकू,” ती म्हणाली.

कागदाचा मतलब एवढाच होता की माझ्या भावाने नुकसानभरपाईसाठी केलेला अर्ज, मागितलेली कागदपत्रे पंधरा दिवसांत न आल्यामुळे, निकाली काढण्यात आला आहे. कागदपत्रे मागणारे आधीचे पत्र आले होते, हे मी नाकारत नाही. तेही कन्नडातच होते. मी ते कोर्टाच्या तारखेचे समजून इतर तारखांच्या चिठ्ठ्यांबरोबर खणात टाकले. चूक माझी म्हणा हवे तर. पण त्या चुकीपर्यंत आम्ही कसे पोचलो, ते आपण एकदा ऐकून घ्यावे, आणि बेळगावकरांनीही ऐकावे, म्हणून हे पत्र उघडे लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ मागावर कामाला होता. २०२१ च्या पावसाळ्यात, पगाराच्या रात्री, पाळी सुटल्यावर घरी येताना तिघांनी त्याला अडवले. आठवड्याचा पगार आणि मोबाइल घेतला. त्याने पिशवी सोडली नाही म्हणून उजव्या हातावर कोयता मारला. हात राहिला, पण तीन बोटांच्या शिरा गेल्या. माग चालवणाऱ्याला विचारा, या तीन बोटांचे काय काम असते. ताण्याचा दोरा तुटला की माग थांबतो, आणि तो दोरा डोळ्याचे पाते लवायच्या आत ओवून, बोटांच्या टोकांनी गाठ मारून जोडावा लागतो. माझा भाऊ आता शर्टाचे बटण डाव्या हाताने लावतो. हल्ली एका दुकानात रात्रीचा राखणदार आहे.

आरोपी सापडले, खटला उभा राहिला, पोलिसांनी ते काम केले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार गुन्हा घडल्यापासून आजपर्यंत ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्याशी जे वागणे झाले, त्याबद्दल आहे.

सुरुवात फिर्यादीपासून करते, कारण सगळे तिथेच अडकले. दवाखान्यात, टाके घातल्याच्या दुसऱ्या दिवशी, एक हवालदार जबाब घ्यायला आले. माणूस वाईट नव्हता. भाऊ मराठीत सांगत होता, ते तोडक्यामोडक्या मराठीत विचारत होते आणि कन्नडात लिहीत होते. भाऊ म्हणाला, “दोघं फुडं आडवे आले, आणि एक मागनं.” कागदावर काय उतरले ते आम्हाला तीन वर्षांनी कोर्टात कळले. उतरले होते ‘इब्बरु’. दोघे. लिहून झाल्यावर त्यांनी कागद पुढे केला. भावाला सही येते, सातवी शिकलेला आहे तो. पण उजवा हात बांधलेला. म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. वाचून कुणी दाखवले नाही. फिर्याद लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवावी, मग सही घ्यावी, आणि तिची प्रत फुकट द्यावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे. आम्ही प्रत मागायला गेलो तेव्हा “नंतर या” झाले, आणि शेवटी ती आरोपीच्या वकिलाच्या कारकुनाकडून झेरॉक्स काढून मिळवली. हो, आरोपीच्याच.

साक्षीच्या दिवशी त्यांच्या वकिलांनी तोच धागा ओढला. फिर्यादीत दोघे सांगितलेस, आता तिघे सांगतोस, तिसरा कुठून आणलास? भाऊ गोंधळला. बाहेर आल्यावर पायरीवर बसून मला म्हणाला, “अक्का, मी तिघंच म्हटलो होतो की. त्यांनी लिवलं नाही तर मी काय करू?” त्याला मी काय उत्तर देणार होते? निकाल अजून लागायचा आहे, म्हणून खटल्याच्या गुणदोषावर मी काही लिहीत नाही. पण चालत्या मागात एक दोरा चुकीच्या फणीत गेला, तर सगळे कापड तसेच विणले जाते, एवढे वडगावच्या पोरालाही ठाऊक असते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. कायदा भाषेचा विचार करत नाही असे नाही. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत उघड्या कोर्टात समजावून सांगावी, असे कायद्यात आहे. जुने कलम २७९, नवे ३१४. ते असायलाच हवे, कुणालाही न समजता शिक्षा होऊ नये. साक्षीदाराने एका भाषेत दिलेली साक्ष दुसऱ्या भाषेत नोंदवली आणि ती भाषा त्याला येत नसेल, तर ती त्याच्या भाषेत समजावावी, हेही आहे. पण कोर्टाच्या बाहेरचे काय? ठाण्यातला जबाब, रुग्णालयातला कागद, अर्जाचे उत्तर, समन्स? जखमी माणसाचा निम्म्याहून जास्त प्रवास कोर्टाच्या दाराबाहेरच होतो, आणि तिथे दुभाषा म्हणून उभी असते ती शेजारची आठवीतली मुलगी. तेरा वर्षांच्या पोरीने कोयत्याच्या जखमेचे वर्णन मोठ्याने वाचावे, ही आपल्या जिल्ह्याची भाषांतर-व्यवस्था आहे.

मी सीमाप्रश्नावर लिहीत नाही. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, लागेल तेव्हा लागेल. मी ज्या राज्यात राहते, कर भरते, त्या राज्याकडे मागते आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कोणत्याही नागरिकाला गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. बेळगावात मराठी वापरली जात नाही, असे तर कुणी म्हणणार नाही ना? भावाचा भरपाईचा अर्ज मी पहिल्यांदा मराठीत लिहून नेला होता. खिडकीतल्या बाईंनी तो उलटासुलटा केला आणि परत दिला. “कन्नडदल्लि बरेदु तन्नि.” कन्नडात लिहून आणा. मी तो बाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडून लिहून घेतला. आम्ही तेव्हा कलमे नाचवत बसलो नाही. गरजवंताला अक्कल नसते.

आणि भाषाच सगळे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. कोर्टाच्या व्हरांड्यात मला सौंदत्तीकडची एक बाई भेटली. तिच्या मुलीचा खटला. कन्नडच बोलणारी, कन्नड झरझर वाचणारी. तिलाही भरपाईची योजना माहीत नव्हती. तिला कागद वाचता येत होता, पण कुणी कागदच दिला नव्हता. आम्ही दोघी एका डब्यातली भाकरी खात बसलो आणि मी तिला मला कळले होते तेवढे माझ्या दुकानी कन्नडात सांगितले. म्हणजे जिल्ह्यातल्या कायदेशीर माहितीचे खाते त्या दिवशी मी चालवले. पगार मात्र कुणी दिला नाही.

योजना कुठली, तर ती २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी संहितेत कलम ३५७-अ म्हणून आली, ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली, आणि कर्नाटकाने २०११ मध्ये स्वतःची पीडित भरपाई योजना केली. आता नव्या संहितेत ते कलम ३९६ झाले आहे. आरोपी सुटला तरी, तो सापडलाच नाही तरी, ज्याचे नुकसान झाले त्याला पुन्हा उभे करण्यासाठी पैसे देता येतात. शिफारस किंवा अर्ज आल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी खात्याने, दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. ठाणेप्रमुख किंवा मॅजिस्ट्रेट यांच्या दाखल्यावर मोफत प्राथमिक उपचार, तातडीची अंतरिम मदतही देता येते. २०१३ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाने करायलाच हवा, आणि का दिली किंवा का नाही याची कारणेही नोंदवायला हवीत. हे सगळे मला कधी कळले? घटनेला दोन वर्षे उलटल्यावर, एका गिऱ्हाईक बाईंकडून, ज्यांची भाची वकिलीचा अभ्यास करते. दवाखान्यात कळले असते तर हाताच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या नसत्या.

गंमत बघा. आमच्या गल्लीत ‘मनोधैर्य’ हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. मराठी बातम्यांत ऐकलेला. महाराष्ट्राची २०१३ ची ती योजना, बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठीची. खानापूर, निपाणीकडच्या बायका इथे येऊन मनोधैर्याचा फॉर्म मागतात, आणि “ते इथे नाही” एवढे ऐकून परत जातात. त्याच जागी, त्याच गुन्ह्यांसाठी, स्त्रियांकरिता राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना आहे. तिच्यात बलात्काराला चार ते सात लाखांची मर्यादा लिहिलेली आहे. “ते नाही, पण हे आहे” हे वाक्य पूर्ण करायला किती वेळ लागतो? टीव्ही महाराष्ट्राचा, कचेरी कर्नाटकाची, आणि मधल्या मध्ये माणूस रिकाम्या हाताने कणकुंबीची बस धरतो.

व्हरांड्याबद्दल लिहायलाच हवे. साक्षीच्या दिवशी आम्ही साडेदहाला पोचलो. एकच लांब बाकडे. त्याच्या एका टोकाला भाऊ आणि मी, दुसऱ्या टोकाला जामिनावर असलेल्या आरोपींची माणसे. मध्ये दीड हात जागा. तासाभराने त्यांतला एक वयस्क माणूस सरकत जवळ आला. भावाच्या हाताकडे बघत, अगदी मायेने म्हणाला, “बरं हाय न्हवं आता? कामधंदा कुठं करतोस?” मग चहा मागवला आणि एक कप आमच्यापुढे केला. यात धमकी आहे काय? कागदावर दाखवता येणार नाही. पण भावाने तो कप घेतला तेव्हा बशी वाजत होती, आणि कामाची जागा त्याने सांगून टाकली होती. त्यानंतर पंधरा दिवस तो रात्रपाळीला गेला नाही.

साक्षीदार संरक्षण योजना २०१८ ची आहे, सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी ती देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती, पोलिसांकडून पाच कामाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल, गरज असेल तर साक्षीच्या वेळी वेगळी सोय. मुलांसाठी आणि ज्यांना समोरासमोर साक्ष देणे जड जाते अशांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळी साक्ष-केंद्रे हवीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२२ चा आदेश आहे. आम्हाला कुणी विचारलेसुद्धा नाही की तुम्हाला भीती वाटते का. सरकारी वकील साक्षीच्या आधी पाच मिनिटे भेटले. त्यांच्या हातात फायलींची चळत होती, त्यांचाही इलाज नव्हता. पण ते सरकारचे वकील, आमचे नव्हेत. कोर्टाच्या परवानगीने पीडिताला त्यांच्या मदतीला आपला वकील देता येतो, हे आम्हाला साक्ष संपल्यावर समजले.

तारखांचे फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. एकदा आरोपी आला नाही, एकदा वकील आजारी, एकदा साहेब रजेवर. अकरा फेऱ्यांनंतर मी मोजायचे सोडले. बायकांना फुकट बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे बसचे माझे तिकीट वाचते, भावाचे वाचत नाही, आणि दुकान बंद ठेवल्याचे तिकीट कुठली योजना देत नाही. आम्ही तर गावातले. अथणी, रामदुर्ग, लोंढ्याकडून येणाऱ्या साक्षीदाराचा दिवस बसमध्येच जातो. साक्षीदाराचा खर्च देण्याची तरतूद जुन्या कलम ३१२ पासून आहे. तो भत्ता मागायचा असतो, हे बेलीफाने समन्स देताना तोंडी सांगितले असते तरी चालले असते.

डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच तालुक्यात, वंटमुरीत, मुलगा एका मुलीबरोबर पळून गेल्यावरून विवस्त्र करून खांबाला बांधलेल्या एका आईवर काय ओढवले ते साऱ्या देशाने पाहिले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मंत्री आले, सरकारने मदत जाहीर केली. योग्यच झाले, त्याहून जास्त व्हायला हवे होते. म्हणजे यंत्रणेला येते. अधिकारी दवाखान्यात जाऊ शकतात, मदत दिवसांत निघू शकते, पीडितेला पोलीस संरक्षण मिळू शकते. पण ज्यांच्या दारात कॅमेरे येत नाहीत त्यांनी काय करायचे?

म्हणून माझ्या मागण्या. फार नाहीत, आणि बहुतेकांना नवा कायदा करावा लागत नाही.

भावाचा निकाली काढलेला अर्ज पुन्हा उघडावा. राहिलेली कागदपत्रे, अपंगत्वाच्या दाखल्यासह, मी या पत्रासोबत दिली आहेत.

जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात एक पानाचा कागद ठेवावा. कन्नड, मराठी आणि उर्दूत, मोठ्या अक्षरांत. भरपाई, मोफत वकील, अंतरिम मदत, साक्षीदार संरक्षण, विधी मदतीचा १५१०० आणि महिला मदतीचा १८१ हे क्रमांक, एवढेच. फिर्यादीच्या प्रतीला तो टाचून द्यावा. मराठी मजकूर सुधारून हवा असेल तर बेळगावातले कितीतरी शिक्षक फुकट करून देतील, मी शब्द टाकते.

फिर्याद ज्या भाषेत सांगितली त्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा घेऊ नये, आणि वाचून दाखवणाऱ्याचे नाव खाली लिहावे. नाव लिहिले की माणूस नीट वाचतो.

नव्या कायद्याच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत पीडिताला कळवायचे आहे. आमचा गुन्हा जुन्या कायद्यातला, पण पुढच्यांना तरी ते कळावे, आणि समजेल अशा भाषेत. मोबाइलवर मराठी संदेश पाठवायला आज काही लागत नाही. वीजबिलाचा येतो की.

हद्दीवरून परत पाठवणे बंद व्हावे. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीच्या पलीकडे घडले की अलीकडे, यावरून चंदगडकडची माणसे आजही दोन ठाण्यांमध्ये हेलपाटे घालतात. कलम १७३ म्हणते, गुन्हा कुठेही घडो, फिर्याद आधी घ्या, मग पाठवा. दोन राज्यांच्या भांडणात जखमी माणसाला चेंडू करू नका.

कोर्टाच्या आवारात पीडित आणि साक्षीदारांसाठी एक वेगळी खोली असावी. असलीच, तर तिच्यावर पाटी लावावी आणि समन्सवर तिचा नंबर छापावा. पंखा नसला तरी चालेल.

आणि एक माणूस. जिल्ह्यात एक तरी असा माणूस, ज्याचे नाव आणि फोन पीडिताला पहिल्या आठवड्यात मिळेल आणि जो तारीख, अर्ज, दाखला यांबद्दल मराठीत, कन्नडात सांगू शकेल. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांसाठी कायद्याने असा आधार-व्यक्ती नेमण्याची सोय २०२० च्या नियमांत केली आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडे गावोगावचे विधी स्वयंसेवक आहेत. त्यांतल्या काहींना फक्त हेच काम द्यावे. मोठ्या माणसालाही कोयता लागल्यावर कुणाचा तरी आधार लागतो.

उत्तराची मुदत मी घालत नाही, तो माझा अधिकार नाही. फक्त उत्तर मराठीत यावे, किंवा कन्नडाबरोबर मराठीत यावे. शेजारच्या मुलीची सहामाही परीक्षा आहे.

या पत्राचा कन्नड तर्जुमा सोबत जोडला आहे. अर्जनविसाने त्याचे ३५० रुपये घेतले. पावती क्रमाने शेवटी लावली आहे, ती खर्चात धरावी.

आपली,
वडगावची एक शिलाईवाली
(पूर्ण नाव, पत्ता आणि भावाच्या अर्जाचा क्रमांक आपल्याकडे दिलेल्या प्रतीवर आहे.)